बीएसए मार्टिनी १२/१५: घरची जुनी टार्गेट रायफल पुन्हा रेंजवर आणताना (नाशिक)

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

घरात बीएसएची (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ब्रिटिश कंपनी) मार्टिनी १२/१५ आहे. .२२ लाँग रायफल, एकोणतीस इंची नळी, अक्रोडाचा दस्ता. आजोबांनी घेतली, पुढे वडिलांच्या नावावर आली. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. यूआयएनसकट (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) कागदपत्रं रीतसर आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मला ही रायफल भिंतीवर लावायची नाही. पन्नास मीटरवर प्रोन (पालथं पडून) मारायला वापरायची आहे, आणि टार्गेटच्या मधला दहा चुकला तर तो माझा चुकला एवढी खात्री तिच्याबद्दल वाटायला हवी.

मार्टिनी ज्यांनी हाताळली नसेल त्यांच्यासाठी थोडं. ट्रिगरगार्डच्या मागची लिव्हर खाली ओढली की आतला ठोकळा मागच्या खिळीवर फिरून पुढच्या बाजूने खाली झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. ठोकळ्याच्या पाठीवरच्या पन्हळीतून काडतूस अंगठ्याने आत सरकवायचं, लिव्हर वर, संपलं. बोल्ट नाही, मॅगझिन नाही. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीची हीच अ‍ॅक्शन (काडतूस घेणारी आणि त्याला टोला देणारी यंत्रणा). ठोकळ्याची मूळ कल्पना अमेरिकन पीबॉडीची, ती सुधारली स्वित्झर्लंडच्या मार्टिनीने, आणि नळीतले आटे (आतल्या पिळदार खाचा) एडिंबराच्या हेन्रीचे. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली आणि सैन्यातून मार्टिनीची सद्दी संपत गेली. पण बोअर युद्धात (१८९९-१९०२) साध्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिशांना जेरीस आणलं, तेव्हा मायदेशी गावोगावी .२२ चे क्लब निघाले. त्या क्लबांसाठी बीएसएने हीच अ‍ॅक्शन लहान करून टार्गेट रायफली बनवल्या. ऑस्ट्रेलियाच्या कॅडेट मुलांना दिलेल्या .३१० च्या मार्टिनीही त्याच अंगाच्या. म्हणजे लढाईतून निवृत्त झालेली अ‍ॅक्शन पुढे कित्येक वर्षं कागदावरची काळी टिकली फोडत राहिली. मला हा इतिहास मनापासून आवडतो आणि म्हणूनच या रायफलीला कानस लावायची घाई नाही.

आता अवस्था. अ‍ॅक्शनच्या बाजूला तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा बीएसएचा छाप स्पष्ट आहे, बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे (हत्यारांची दाबचाचणी करणारी संस्था) मुकुटही वाचता येतात. लिव्हरवरचं ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर) हाताच्या घामाने उडालंय. नळीत मधले आटे चांगले दिसतात, पण तोंडाकडच्या शेवटच्या दोन बोटांत, विशेषतः खालच्या अंगाला, ते बोथट झालेत. दस्ता अ‍ॅक्शनला जिथे भिडतो तिथे तेल मुरून लाकूड काळं पडलंय आणि एक केसाएवढी चीर आहे. मागची साईट पार्कर-हेलची, पाव मिनिटाच्या क्लिकची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), पण स्क्रू उलटा फिरवला की थोडा वेळ काहीच हलत नाही.

वाळूच्या पिशवीवर ठेवून मारल्यावर ग्रुप (लागोपाठ मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आडवा नीट, उभा मात्र लांबट. एकाखाली एक भोकं.

माझा बेत एवढाच की जे परत मूळपदावर आणता येणार नाही ते काही करायचं नाही. नवीन भोक नाही, नळी कापणं नाही, पॉलिश करून छाप पुसणं नाही. या चौकटीत राहून ती किती सुधारेल? सुरुवात कुठून करू?

देवळाली_आर्मरर

चांगली चीज हाती आली आहे. फौजेत बरीच वर्षं हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून क्रम सांगतो. क्रम चुकला की पैसा जातो आणि दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

पहिली गोष्ट, उभा ग्रुप. लोक लगेच नळीला दोष देतात. मी आधी स्ट्रायकर (काडतुसाला टोला देणारी पिन) बघतो. या रायफलीत स्ट्रायकर आणि त्याची स्प्रिंग ठोकळ्याच्या पोटात असतात. तिथे जुनं ग्रीस घट्ट होऊन लाखेसारखं बसतं, किंवा स्प्रिंग थकलेली असते. मग टोला कधी जोरात, कधी हलका. .२२ मध्ये बार (टोल्याने पेटणारा मसाला) रिममध्ये, म्हणजे काडतुसाच्या मागच्या कडेत, भरलेला असतो, त्यामुळे टोला एकसारखा नसेल तर पेटणंही एकसारखं नाही, आणि वेग बदलतो. आता हिशेब करा. गोळी सेकंदाला ३२५ मीटरने निघाली तर पन्नास मीटर जायला तिला साधारण सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली येते. वेगात दहा मीटरचा फरक पडला की हे खाली येणं सात-आठ मिलिमीटरने बदलतं. दहाचं अख्खं रिंगण १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे नळी निर्दोष असूनही तुम्ही नऊ-आठ मारत बसाल.

मार्टिनीची सोय अशी की एक खिळ काढली की आतली यंत्रणा एका तुकड्यात खाली येते. ती टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा, मऊ ब्रशने धुवा, कोरडी करा, पातळ तेलाचं नुसतं बोट फिरवा. ग्रीस नको. एवढ्यावर ग्रुप आखडला तर उत्तम. नाही आखडला तर स्प्रिंग.

दुसरी गोष्ट नळीचं तोंड. तुम्ही सांगितलेली खूण नेमकी आहे. खालच्या अंगाला झीज म्हणजे साफ करायला पुढून घातलेला गज किंवा पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच जागी घासलेली. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळीकडून सारखा सुटायला हवा, एका बाजूने आधी सुटला की गोळीला धक्का बसतो. क्राउन (नळीच्या तोंडाची कड) नव्याने करता येतो, पण ते काम परवानाधारक गनस्मिथचं, आणि ते सर्वात शेवटी.

तिसरं, नळीत गंज आहे का ते उजेडात नीट बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या काडतुसांच्या बारात पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळून मागे क्षार राहतो, क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि नळी खातो. तेल लावून तो जात नाही, पाण्याने धुवावा लागतो, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या नळ्या गेल्या. जर्मनीत १९२८ च्या सुमारास सिनॉक्सिड बार आला, मग हळूहळू सगळीकडे हा त्रास संपला. तुमची नळी मध्ये स्वच्छ आहे म्हणता, म्हणजे ती नंतरची तरी आहे किंवा घरात कुणीतरी जपणारं होतं.

सातपूरचा_टूलरूम

वा, काय धागा आहे! मी एमआयडीसीत टूलरूमला आहे. क्राउनचं काम माझ्या डोळ्यापुढे आलं. नळी चार जबड्याच्या चकमध्ये धरायची, आतल्या आट्यांवर डायल लावून शून्य करायची आणि अकरा अंशांचा कट. आमच्याकडे मायक्रॉनमधली कामं रोज होतात. गंगापूररोडकर दादा, रविवारी घेऊन या, पैसेही नकोत.

कोर्टनाका_वकील

थांबा. टूलरूमवाल्या दादांचा हेतू चांगला आहे, पण हे करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर दुरुस्ती करणं, बदल करणं, चाचणी घेणं हेही परवान्याशिवाय मना आहे. हात कितीही कसबी असला आणि पैसे घेतले नाहीत तरी गुन्हा तो गुन्हाच, आणि तुमच्या मशीनवर नळी सापडली तर अडचणीत दोघंही याल. कलम ६ नळी तोकडी करण्याबद्दल आहे, कलम ८ ओळखीच्या खुणा आणि नंबर पुसण्याबद्दल. धागाकर्त्यांनी छाप पुसायचे नाहीत असं आवडीपोटी म्हटलंय, कायदाही तेच म्हणतो. नव्याने ब्लूइंग करून घेताना सिरीयल नंबरवर पॉलिशिंगचं चाक फिरलं की पुढच्या नूतनीकरणाला उत्तर देता देता जीव जाईल.

घरी साफसफाई, तेलपाणी, साईट बसवणं-काढणं, पट्टा लावणं यात काही अडचण नाही. धातूला कापायचं, घासायचं, भाग बदलायचा म्हटलं की दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानाकडे द्या. देताना पावती घ्या, तीवर नंबर लिहून घ्या.

आणखी दोन गोष्टी. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालयात. बालेवाडीला किंवा वरळीच्या रेंजवर न्यायची असेल तर परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. नाशिकपुरता असेल तर वाढवून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायचा आदेश येतो. खेळाडूंनी छाननी समितीकडे वेळेत अर्ज करावा, स्पर्धेच्या तोंडावर धावपळ नको.

सातपूरचा_टूलरूम

वकीलसाहेब, हे खरंच माहीत नव्हतं. आभार. मग मी लाकडाच्या आणि साईटच्या कामात लागेल ती मदत करतो.

लाकूडवेडा

दस्त्याबद्दल मी बोलतो. आधी एक खबरदारी. सुताराकडे जायचं तर फक्त लाकूड न्या, धातूचा एकही भाग सोबत नको. मार्टिनीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा बटप्लेटमधून आत जाणाऱ्या लांब बोल्टने अ‍ॅक्शनला आवळलेला, पुढचा नळीखाली. बटप्लेट काढा, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घाला, आणि त्याचं पातं खाचेत पूर्ण बसलंय याची खात्री झाल्याशिवाय जोर लावू नका.

काळं पडलेलं लाकूड म्हणजे मुरलेलं तेल. अ‍ॅक्शन वर, नळी खाली अशी ठेवली नाही की तेल उतरून दस्त्याच्या तोंडात शिरतं आणि लाकूड मऊ करतं. उपाय जुनाच. खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून जाड लेप द्यायचा, उन्हात ठेवायचं. लेप पिवळा पडत जातो, म्हणजे तेल ओढलं जातंय. झटकायचा, पुन्हा द्यायचा. पूड पांढरी राहू लागली की थांबायचं. नाशिकचं एप्रिलचं ऊन या कामाला छान, पण थेट दुपारी बारा ते तीन ठेवू नका, अक्रोड तडकतो.

चीर तेल निघाल्यावरच चिकटवा, आधी चिकटणारच नाही. इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवू नका, नुसती पातळ इपॉक्सी हेअर ड्रायरने कोमट करून चिरेत उतरू द्या आणि सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळून ठेवा. दबलेल्या जागा असतील तर ओलं फडकं आणि इस्त्रीचं टोक, वाफेने लाकूड फुगून वर येतं. सँडपेपर कमीत कमी. विशेषतः लाकूड जिथे धातूला भिडतं त्या कडांना अजिबात लावू नका, नाहीतर धातू उंच आणि लाकूड खाली असं बेंगरूळ दिसतं. शेवटी जवसाचं उकळलेलं तेल, दोन थेंब तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळायचं, एक दिवस सोडायचं, पुन्हा. पॉलीयुरेथेनचा चकचकीत थर या रायफलीवर बघायला मिळाला तर मला मनापासून दुःख होईल.

आणि तेल पुसल्यावर ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून मग टाका.

प्रोन_मृण्मयी

गंगापूररोडकर दादा, साईटचं मी सांगते, कारण जुन्या रायफलींत सर्वात स्वस्तात सर्वात जास्त सुधारणा तिथे होते असं माझं मत आहे.

आधी साईट खरी आहे का ते तपासा. एक ग्रुप मारा, मग आठ क्लिक वर, ग्रुप, आठ उजवीकडे, ग्रुप, आठ खाली, ग्रुप, आठ डावीकडे, ग्रुप. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच बसला पाहिजे. पाव मिनिटाचा क्लिक पन्नास मीटरवर ३.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकोनाची बाजू २९ मिलिमीटर यायला हवी. उलट फिरवताना जी मोकळी फिरकी तुम्ही सांगता ती जुन्या स्क्रूंत असतेच. एकच सवय ठेवा: नेहमी एकाच दिशेने येऊन थांबायचं. खाली न्यायचं असेल तर चार क्लिक जास्त खाली जाऊन परत वर या.

आता पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साईट, जिच्यात रिंग बसते. जुन्या डब्यांतून मिळणाऱ्या रिंगा बहुतेक बारीक असतात, कारण तेव्हा काळा गोल रिंगेत जेमतेम मावावा अशी पद्धत होती. पन्नास मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिलिमीटर. तो डोळ्यापासून एक मीटरवरच्या माशीत साधारण सव्वादोन मिलिमीटरचा दिसतो, आणि तुमच्या नळीच्या लांबीला माशी जवळपास तेवढ्याच अंतरावर येते. त्यात २.८ ची रिंग घातली की भोवतीचा पांढरा काठ इतका अरुंद होतो की डोळा शंका घेत बसतो, हात थरथरतात, शॉट लांबतो. ३.६ किंवा त्याहून मोठी घालून बघा. पांढरं जास्त दिसलं की गोल मध्यभागी आहे की नाही हे डोळा पटकन ठरवतो. पहिल्यांदा ढिसाळ वाटेल, गुण मात्र वाढतील.

मागच्या साईटला आयरिस असलेला (भोक लहान-मोठं करता येणारा) आयपीस लावा. तो मूळ आटे वापरून बसतो, भोक पाडावं लागत नाही, काढला की रायफल होती तशी. चाळिशी लागलेल्यांना तर याचा फारच फायदा.

आणि काडतुसं. कुठलंही काम करण्याआधी तीन-चार प्रकारची काडतुसं एकेका लॉटमधून (एकाच खेपेत बनलेली) घेऊन पिशवीवरून मारा आणि कागद जपून ठेवा. आयुध निर्माणीची, एली, एसके, जे परवान्यातल्या कोट्यात आणि असोसिएशनमार्फत मिळेल ते. जुन्या नळ्या फार चोखंदळ असतात. महागडं मॅच काडतूस एखादीला मानवत नाही आणि साधंच तिला आवडतं. हे आधी केलं नाही तर नंतर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येणार नाही.

नवा_गडी

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं बोलतो. एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅक्शनवर रेल बसवा, नव्या जर्मन साईट लावा, अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता करून घ्या. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं) कांस्य आणलं, तो शाळकरी वयात आपल्या नाशिकला होता, याचा सगळ्यांना अभिमान आहे. पण ते पदक मार्टिनीवर येत नसतं. खेळायचं तर आजचं हत्यार हवं.

प्रोन_मृण्मयी

राज्याच्या संघात यायचं असेल तर तुझं बरोबर आहे, मीही आधुनिक बोल्ट रायफलच वापरते. पण दादांचा प्रश्न तो नाही. शिवाय रेल बसवायला अ‍ॅक्शनच्या पातळ भिंतीत भोकं पाडावी लागतील. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे खासगी आयात जवळजवळ बंद झाली, तेव्हापासून देशात जी बीएसए आहे ती आहे. एक भोक पाडलं की तेवढी एक कमी झाली असं मी धरते.

आणि नवीन मुलांनी हे वाचून जुनी .२२ शोधत फिरू नये. सुरुवात दहा मीटर एअर रायफलने करा. .१७७ आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. नेमबाजीचे दिवंगत मार्गदर्शक भीष्मराज बाम सर आणि मोनाली गोऱ्हे मॅडम यांनी नाशिकमध्ये जो पाया घातला त्याच्यामुळे इथे शिकवणारी माणसं आहेत. त्या शिकवणाऱ्यांकडे जा.

देवळाली_आर्मरर

नवा गडी, एक भर घालतो. मार्टिनीचा स्ट्रायकर हलका आणि त्याचं अंतर फार थोडं, त्यामुळे ट्रिगर सुटल्यापासून बार पेटेपर्यंतचा वेळ कमी. त्या काळच्या फौजी बोल्ट रायफलींपेक्षा बराच कमी. टार्गेटवाल्यांनी ही अ‍ॅक्शन एवढी वर्षं धरून ठेवली ती उगाच नाही. तिला कमी लेखू नका.

सिन्नरकर

याच विषयाला धरून विचारतो. आमच्या ओळखीत एका निवृत्त माणसाला ली-एनफील्ड .३०३ घेऊन टार्गेट रायफल करायची हौस आहे. परदेशात ७.६२ ची नळी टाकून तशा मॅच रायफली बनवत, असं वाचलंय. इथे जमेल का?

कोर्टनाका_वकील

नाही. .३०३ आणि ७.६२ हे निषिद्ध बोअरमध्ये (नळीची सर्वसामान्यांना मना असलेली मापं) येतात. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते आणि हौस हे कारण चालत नाही. म्हणूनच तर ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्या अ‍ॅक्शनवर .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, लष्कराचं काडतूस तिच्यात बसत नाही. ती परवान्यावर मिळते, पण ती टार्गेटची रायफल नव्हे. त्यांना फौजी अ‍ॅक्शनचीच ओढ असेल तर मार्टिनीची .२२ हाच सरळ मार्ग.

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच काम झालं, क्रमाने सांगतो.

आधी मृण्मयी ताईंनी सांगितलं तसं काडतुसांचं केलं. एलीच्या मधल्या दर्जाच्या एका लॉटला नळीने सर्वात चांगला प्रतिसाद दिला, तोच बेस धरला. मग अ‍ॅक्शन खाली काढली. ठोकळ्यातून स्ट्रायकर बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला तपकिरी, कडक थर होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. टर्पेंटाइनमध्ये रात्रभर ठेवून धुतला. स्प्रिंगही परवानाधारक गनस्मिथला दाखवली, एका टोकाला तिची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. त्याने बदलून दिली, जुनी पाकिटात घालून परत दिली, ती मी कागदांबरोबर ठेवली आहे. ग्रुपची उंची स्पष्ट कमी झाली. आता भोकं एका गोलात बसतात, फक्त अधूनमधून एखादं खाली उजवीकडे सुटतं.

क्राउन अजून केलेला नाही. गनस्मिथचं म्हणणं पडलं की तोंडाकडची झीज खरी आहे, पण आत्ताच्या ग्रुपकडे बघता घाई नको. मला पटलं.

दस्ता लेपाने पुष्कळ उजळला. चिरेत इपॉक्सी उतरली. तेलाचे हात अजून चालू आहेत, पण गळ्याजवळ अक्रोडाच्या गडद रेषा वर आल्यात ज्या मी लहानपणापासून कधी पाहिल्याच नव्हत्या.

आता नवा प्रश्न. पिशवीवरून ग्रुप एका जागी बसतो. पट्टा लावून प्रोन मारलं की तोच ग्रुप खाली-डावीकडे सरकतो, आणि पट्टा जास्त ताणला की जास्त सरकतो. मृण्मयी ताई, आर्मरर काका, हे माझ्या पोझिशनमुळे की रायफलमुळे?

प्रोन_मृण्मयी

रायफलमुळे, जवळजवळ नक्की. पट्टा पुढच्या लाकडाला ओढतो आणि ते लाकूड नळीला स्क्रूने धरलेलं आहे, मग नळीच वाकते. फार नाही, पण पन्नास मीटरवर दिसेल इतकी. खात्री करायची तर दोन ग्रुप मारा, एक पट्टा जेमतेम लागलाय असा, एक नेहमीच्या ताणावर. साईट हलवू नका. दोन्हींतलं अंतर मोजा.

उपाय दोन. पट्ट्याचा ताण दर वेळी तोच ठेवायचा: भोकांचा नंबर लक्षात ठेवा, हँडस्टॉपच्या (पुढचा हात अडवणारा ठोकळा) जागेवर पेन्सिलची खूण करा, जॅकेट तेच. दुसरा, लाकूड नळीला कुठे भिडतंय ते शोधणं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. जिथे अडते तिथे ते दाबतंय.

लाकूडवेडा

आणि अडते तिथे लाकूड कोरायला जाऊ नका. स्क्रूच्या जागेजवळ पातळ चामड्याची किंवा कॉर्कची चकती घालून लाकूड नळीपासून जरा उचला. नको वाटलं तर चकती काढून टाकायची. सातपूरवाले दादा, एकसारख्या जाडीच्या चकत्या तुम्ही कापून देऊ शकाल का?

सातपूरचा_टूलरूम

आनंदाने! अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर, तिन्ही जाडीच्या पाठवतो. चामड्याऐवजी रबर-कॉर्कची गॅस्केट शीट घेतो, ती दाबाखाली लवकर बसत नाही. स्क्रूचं माप आणि लाकडाखालची रुंदी तेवढी कळवा.

देवळाली_आर्मरर

चकती घातल्यावर स्क्रू दर वेळी सारखाच आवळा. टॉर्कवाला छोटा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर स्क्रूच्या खाचेची दिशा लाकडावर पेन्सिलने खूण करून ठेवा. बटचा लांब बोल्टही तसाच. दोन तुकड्यांच्या दस्त्यात हा बोल्ट पाव फेरा ढिला झाला तरी ग्रुप पसरतो आणि माणूस काडतुसांना दोष देत बसतो. लाकूड वाळतंय तोवर तो पुन्हा पुन्हा बघा.

रिकामा ट्रिगर मारून सराव करायचा असेल तर वापरलेली रिकामी केस आत ठेवूनच. नाहीतर स्ट्रायकर नळीच्या मागच्या कडेवर आपटून तिथे खळगा पाडतो, मग काडतूस नीट बसत नाही. केस दर वेळी थोडी फिरवा, ठेचलेली झाली की फेका.

पावसाळा जवळ आलाय म्हणून एवढं अजून. फोमच्या केसमध्ये रायफल ठेवू नका, फोम ओल धरतं. लाकडी किंवा लोखंडी कपाट, सिलिका जेल, आणि कपाट भिंतीपासून जरा दूर. रेंजवरून भिजून आलात तर त्याच रात्री यंत्रणा खाली काढून पुसा, सकाळची वाट बघू नका. नळीत तेलाची चिंधी फिरवून ठेवलीत तर मारण्याआधी कोरडी चिंधी फिरवा, आणि पहिल्या काही गोळ्या टार्गेटबाहेर घालवा. तेलकट नळीतल्या पहिल्या गोळ्यांवरून साईट हलवू नका.

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

मापं आजच कळवतो, टूलरूम दादा. कागदाची पट्टी फिरवून पाहिली, स्क्रूच्या पुढे चार बोटांवर अडते, बाकी मोकळं आहे. चकत्या आल्या की तिन्ही जाडींवर पट्टा सैल आणि ताणून असे ग्रुप मारून कागदांचे फोटो इथेच टाकतो. क्राउनचा निर्णय त्यानंतर.

प्रोन_मृण्मयी

फोटोंवर वारा आणि उजेड कसा होता तेही लिहा. आणि ३.६ ची रिंग लावून मारा, जुनी बारीक नको.